आधी नकाशा, मग यंत्र : मासेमारी नौकेसाठी चार्टप्लॉटरची निवड

बेंगळुरू शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर ब्यालाळू नावाचे गाव आहे. तेथून समुद्र कोठेही दिसत नाही. मंगळुरूचा किनारा रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. तरीही नौका समुद्रावर नेमकी कोठे आहे हे तांडेलाला सांगण्याच्या कामात या गावाचा वाटा आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे दिक्चालन केंद्र मे २०१३ मध्ये येथे सुरू झाले आणि 'नाविक' या स्वदेशी उपग्रहमालिकेची वेळ व कक्षा यांची गणिते येथे होऊ लागली. जीपीएसच्या संकेतातील चूक दुरुस्त करणाऱ्या 'गगन' या प्रणालीचे नियंत्रण केंद्रही बेंगळुरूतच, कुंदलहळ्ळी येथे आहे.

मात्र उपग्रह सांगतो ते केवळ अक्षांश आणि रेखांश. त्या ठिकाणी पाण्याखाली खडक आहे की गाळ, खोली किती, तेलवाहिनी गेली आहे काय, हे उपग्रहास ठाऊक नसते. ते नकाशा सांगतो. चार्टप्लॉटर म्हणजे या दोन स्वतंत्र माहितींना एका पडद्यावर एकत्र आणणारे यंत्र होय. खरेदीच्या वेळी सारे लक्ष पडद्याच्या आकाराकडे आणि किमतीकडे जाते व नकाशाचे कार्ड 'सोबत मिळते ते' म्हणून स्वीकारले जाते. नौका संकटात येते ती बहुधा याच दुर्लक्षित भागामुळे.

याचे बोलके उदाहरण हिंदी महासागरातच घडले. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्व्हो ओशन रेस या जागतिक शर्यतीतील 'वेस्टास विंड' ही शिडाची नौका केपटाऊनहून अबुधाबीकडे जात असताना मॉरिशसच्या ईशान्येकडील कार्गादोस काराजोस या प्रवाळखडकांवर रात्री वेगाने आदळली. नौकेवर उत्तम यंत्रे होती, उपग्रहाने दिलेले स्थानही अचूक होते. नऊही जण बचावले हे सुदैव. चौकशीअंती असे आढळले की, इलेक्ट्रॉनिक नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला गेला नव्हता आणि लहान प्रमाणावर तो खडकांचा धोका स्पष्ट दाखवीत नव्हता.

हे कसे घडते, ते समजून घेणे आवश्यक आहे. इलेक्ट्रॉनिक नकाशे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार म्हणजे कागदी नकाशाचे हुबेहूब चित्र. तो कितीही लहानमोठा केला तरी त्यातील कोणतीही खूण गळत नाही, फक्त अक्षरे बारीक किंवा धूसर होतात. दुसरा प्रकार माहितीच्या थरांचा. किनारा, खोली, दीपगृह, बोया यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवलेली असते आणि पडद्यावर गर्दी होऊ नये म्हणून नकाशा लहान केला की यंत्र काही खुणा आपोआप लपविते. आजचे बहुतेक चार्टप्लॉटर हा दुसरा प्रकार वापरतात. तो सोयीचा आहे, यात शंका नाही. परंतु वेंगुर्ला रॉक्ससारखा बेटांचा पुंजका संपूर्ण कोकण किनारा एका पडद्यावर आणला असता दिसेलच, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून दुकानात यंत्र चालू करून ग्राहकाने प्रथम स्वतःच्या बंदराचे मुख, नेहमीची खाडी आणि माहितीतला एखादा खडक मोठा करून पाहावा. जो खडक तांडेलाला पाठ आहे तो नकाशात नसेल, तर ते कार्ड त्या किनाऱ्यासाठी निरुपयोगी समजावे. दुकानदार ही तपासणी करू देत नसल्यास दुसरे दुकान पाहणे बरे.

नकाशाची माहिती मुळात येते कोठून? भारतीय समुद्राचे अधिकृत नकाशे, कागदी तसेच इलेक्ट्रॉनिक, देहरादून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करते. बाजारातील खाजगी कंपन्यांची कार्डे प्रामुख्याने अशाच अधिकृत माहितीवर बेतलेली असतात. मोठ्या बंदरांचे सर्वेक्षण वारंवार होते. लहान खाड्यांच्या मुखाशी मात्र दर पावसाळ्यानंतर वाळूचा दांडा जागा बदलतो आणि कोणतेही कार्ड त्याचा पाठलाग करू शकत नाही. तेथे तांडेलाचा अनुभव आणि खोली मोजणारे यंत्र यांवरच विसंबावे लागते. कार्डावर त्याची आवृत्ती व वर्ष असते. ते पाहावे, आणि पुढील सुधारित आवृत्ती किती रकमेत मिळेल तेही तेव्हाच विचारून घ्यावे.

खोलीच्या आकड्यांबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नकाशातील खोली ही अत्यंत ओसरलेल्या पाण्याच्या पातळीपासून मोजलेली असते. मुंबईला उधाणाच्या भरतीओहोटीतील फरक सुमारे पाच मीटरपर्यंत जातो. त्यामुळे प्रत्यक्ष पाणी बहुतेक वेळा नकाशापेक्षा अधिक मिळते. दुसरी गोष्ट एककाची. वावात हिशेब करणाऱ्या नौकेवर यंत्र मीटरमध्ये लावलेले असेल, तर पडद्यावरचे 'पाच' म्हणजे पाच वाव नव्हे, तीन वावांहूनही कमी.

अशीच गफलत अक्षांश-रेखांशांच्या लेखनपद्धतीत होते, आणि ती अधिक घातक आहे. अंश व मिनिटे सारखीच लिहिली तरी पुढचा भाग कोणी दशांशात लिहितो, कोणी सेकंदात. १८ अंश ३०.५० मिनिटे आणि १८ अंश ३० मिनिटे ५० सेकंद ही दोन स्थाने कागदावर जवळजवळ सारखी दिसतात, परंतु त्यांत सहाशे मीटरांहून अधिक अंतर आहे. एका नाखव्याने बिनतारी संचावरून दुसऱ्यास बुडालेल्या जाळ्याची वा संकटातील नौकेची जागा कळविताना ही चूक झाल्यास शोध भलतीकडेच चालतो. एका बंदरातील नौकांनी एकच पद्धत ठरवून सर्व यंत्रांत ती लावून घ्यावी. त्याचबरोबर नकाशाचे गणिती मापनमूळ 'डब्ल्यूजीएस-८४' हेच असल्याची खात्री करावी. जुन्या भारतीय नकाशांचे मूळ वेगळे होते आणि त्यावरून उतरविलेल्या जागा आजच्या यंत्रात घातल्यास शेकडो फुटांचा फरक पडू शकतो. वडिलांच्या वहीतील जागा नव्या यंत्रात भरण्यापूर्वी हा विचार अवश्य व्हावा. अशा वह्या कोकणात अनेक घरांत जपलेल्या आहेत व त्यांचे मोल कोणत्याही कार्डापेक्षा कमी नाही.

आता यंत्राकडे वळू. 'नाविक चालणारे' अशी जाहिरात पाहून ग्राहक आकर्षित होतो. यातील वस्तुस्थिती अशी आहे : या मालिकेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी अवकाशात गेला. या पहिल्या पिढीचे संकेत ज्या लहरींवर येतात, त्या सामान्य जीपीएस यंत्रास ऐकू येत नाहीत. जीपीएसशी जुळणारा संकेत २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या 'एनव्हीएस-०१' पासून सुरू झाला. काही उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला 'एनव्हीएस-०२' नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. म्हणून केवळ नाविकवर अवलंबून असलेले यंत्र न घेता जीपीएस व अन्य मालिकांसह नाविक ऐकणारे यंत्र घेणे शहाणपणाचे. 'गगन'चा लाभ मात्र साध्या यंत्रातही मिळू शकतो. यंत्राच्या मांडणीत 'एसबीएएस' किंवा 'वास' अशी सोय असते. ती चालू केल्याने स्थानातील चूक आणखी कमी होते. पुष्कळ नौकांवर ती कधी चालू केलेलीच नसते.

बेंगळुरूत नोकरीनिमित्त असलेला मुलगा किंवा भाचा तेथील एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून स्वस्त यंत्र पाठवितो, असेही घडू शकते. मोटारीसाठी बनविलेले यंत्र नौकेवर चालत नाही. त्यात रस्ते असतात, खोली नसते. जुने यंत्र घेताना आणखी एक दक्षता हवी. जीपीएसची आठवड्यांची मोजणी दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री ती तशी आली, तेव्हा सुधारणा न केलेली अनेक जुनी यंत्रे चुकीची तारीख दाखवू लागली. तारीख वीस वर्षे मागे दिसल्यास सौदा थांबवावा.

पडदा भर उन्हात वाचता यावा, ओल्या हातांनी चालविता येतील अशा कळा असाव्यात, पाणीरोधकतेचा दर्जा 'आयपीएक्स-७' असावा आणि नौकेच्या बॅटरीचा दाब यंत्रास मानवणारा असावा. माणूस पाण्यात पडताच जागा नोंदविणारी कळ कोठे आहे, ते प्रत्येक खलाशाला माहीत असावे. सीमारेषेजवळ जाताच इशारा देण्याची सोय हवीच. गुजरातच्या नौकांवर काम करणाऱ्या पालघरच्या खलाशांनी सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानी तुरुंगात काढलेली वर्षे लक्षात घेता हा खर्च अनाठायी म्हणता येणार नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली एक लाख नौकांवर उपग्रह ट्रान्सपाँडर बसविण्याच्या कार्यक्रमाचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. इस्रोने विकसित केलेले हे उपकरण संकटाचा संदेश पाठविते, हवामानाचा व सीमेचा इशारा देते. ते नौकेवर असलेच पाहिजे. परंतु चार्टप्लॉटरप्रमाणे मार्ग आखून खडक टाळण्यासाठी ते बनविलेले नाही. एक मिळाले म्हणून दुसरे टाळू नये.

कर्जाने खरेदी करावयाची असल्यास यंत्र, नकाशाचे कार्ड, अँटेना व जोडणी यांच्या किमती कोटेशनमध्ये वेगवेगळ्या मागाव्यात. 'सर्व मिळून' असा एकच आकडा दिला की कार्ड जुने निघण्याचा संभव वाढतो. मच्छीमारांना २०१८-१९ पासून मिळू लागलेले किसान क्रेडिट कार्ड हे मुख्यतः डिझेल, बर्फ, मजुरी अशा खेळत्या भांडवलासाठी आहे. यंत्रासाठी मुदत कर्जाची चौकशी शाखेत करणे योग्य. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक असावा आणि तो नौकेच्या विमापत्रात नोंदवून घ्यावा.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर असते. जोडणीस हाच काळ उत्तम. अँटेना लोखंडी डोलकाठीच्या आडोशास न बसविता मोकळ्या आकाशाखाली बसवावी. जोडणी झाल्यावर नौका धक्क्याला लागलेली असताना नकाशा पूर्ण मोठा करून पाहावा. नौकेची खूण धक्क्याशीच दिसली तर ठीक. ती जमिनीवर किंवा खाडीच्या पलीकडे दिसली, तर जितके अंतर तेथे दिसते तितकीच चूक खडकाजवळही होऊ शकते. अशा वेळी मापनमूळ व कार्डाची आवृत्ती पुन्हा तपासून घेतल्याखेरीज दुकानदारास उरलेली रक्कम देऊ नये.