कोलभाट गल्लीतला निर्णयसागर

काळबादेवीतला डॉ. एम. बी. वेलकर मार्ग म्हणजे पूर्वीची कोलभाट गल्ली. ज्यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवलं नाही अशा शास्त्री-पंडितांना हा पत्ता पाठ असायचा. ‘निर्णयसागर’ छापखान्याच्या ग्रंथांवर तो छापलेला असे : 23, कोलभाट लेन, मुंबई.

मुंबईत धर्मग्रंथ छापायची वाट दाखवली ती पाद्र्यांनी. अमेरिकन मिशनने 1817 साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं. त्यांचं पाहून गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेस घातला आणि 1831 साली पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीला शिवत नसत. तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं असं सांगतात. धंदा कळणारा माणूस!

पण खरी करामत जावजी दादाजींची. जन्म 1839 चा, घरची गरिबी, शाळा बेताचीच. पोरवयात ते त्याच मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागले. देवनागरीचे सुबक टाइप पाडणारे टॉमस ग्रॅहम तिथेच होते. पुढे 1864 मध्ये जावजींनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये छापखाना, तोच निर्णयसागर. राणोजी रावजी आरू हा अक्षरं कोरणारा कसबी कारागीर त्यांना लाभला, हे त्यांचं भाग्य आणि आपलंही.

संस्कृतचा टाइप पाडणं सोपं नव्हे. ‘कार्त्स्न्य’ हा एकच शब्द घ्या : रफार, त, स, न, य एकाच अक्षरात कोंबायचे, तेही टीकेच्या बारीक टाइपात आणि काना-मात्रा न मोडता. पोथीचं सुटं पान आडवं. मधे ठळक मूळ, वर-खाली टीका. निर्णयसागरची अशी पानं आजही भिंगाशिवाय वाचता येतात. शुद्धतेचाही तितकाच लौकिक. त्यासाठी शास्त्री पदरी ठेवलेले असत. 1886 मध्ये सुरू झालेल्या ‘काव्यमाले’ला जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे संपादक मिळाले.

जवळच खेतवाडीत खेमराज श्रीकृष्णदासांचा ‘श्रीवेंकटेश्वर’ छापखाना होता. चुरूहून आलेल्या या मारवाडी गृहस्थांनी पुराणं आणि व्रतकथा हिंदी मुलखात घरोघर पोहोचवल्या. पसारा त्यांचा मोठा, पण अक्षराच्या देखणेपणात निर्णयसागरला तोड नव्हती, असं माझं मत.

जावजी 1892 मध्ये वारले. मुलगा तुकाराम जावजी यांनी कारभार पुढे नेला. दिल्ली-वाराणसीचे प्रकाशक आजही निर्णयसागरच्या कित्येक आवृत्त्यांची पानं जशीच्या तशी उचलून पुन्हा छापतात.

तुमच्या माळ्यावर आजोबांच्या पोथ्यांचं गाठोडं असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ते सोडून बघा. कोलभाट लेनचा पत्ता दिसला, तर पोथी जवळच्या चांगल्या ग्रंथालयात नेऊन दाखवा.