रात्री पाणी गरम करणारे हात



वर्षावासात आमच्या नेरच्या विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. मागच्या पावसाळ्यात एके दिवशी वाचन करणारी सातवीतली मुलगी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, शाळेतून येताना ती भिजली आणि रात्री तिचे हातपाय असे दुखायला लागले की अंथरुणाला पाठ टेकवेना. तिला सिकलसेल आहे. मी आरोग्याच्या कामात असल्यानं मला माहीत होतं. वस्तीत मात्र तिच्या मायनं कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे लग्नाला अडचण येईल म्हणे. मुलगी सातवीत!

त्या रात्री तिच्या काकूनं चुलीवर पाणी गरम केलं, बाटलीत भरून, फडक्यात गुंडाळून गुडघे शेकले. आजी घोटघोट पाणी पाजत बसली. ताप चढला तसा बाप शेजारच्या ऑटोवाल्याच्या दारात गेला. रात्रीचे दोन वाजले होते. तो बनियनवरच उठला. ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर भाडं द्यायला गेले तर म्हणाला, “मी काय परका हाव काय?” तिथून सकाळी तिला यवतमाळला मेडिकलला नेलं. चार दिवस माय तिच्या उशाशी होती, इकडे धाकट्या भावाचा डबा शेजारणीच्या घरून जात होता.

आता आजाराबद्दल थोडं. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही, म्हणून ती भयंकर कळ. थंडी, भिजणं, पाणी कमी पिणं, ताप आणि अतिश्रम यांनी ती उठते. म्हणूनच पाऊस आणि हिवाळा हे या लेकरांचे वाईट दिवस. विदर्भातल्या आपल्या समाजात हा दोष आढळतो हे नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 सालीच नोंदवलं होतं. आदिवासी बांधवांमध्येही तो आहे. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे हा दोष टिकून राहिला, कारण फक्त वाहक असलेल्या माणसाला जीवघेण्या हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं. मागच्या जन्मीच्या पापाचा यात काही संबंध नाही. हे आपल्या घरात सांगावं लागू नये खरं तर, पण सांगावं लागतं.

आणखी एक गोष्ट सांगावी लागते. “तुझ्याच पोटचं दुखणं” असं त्या मायला सासरी ऐकवलं गेलं होतं. आजार आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून दोष आला तरच होतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, नुसतं वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के. एक मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. दर वेळी तोच डाव नव्याने मांडला जातो. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासावं ते यासाठी. एक वाहक आणि एक निरोगी असेल तर मुलांना आजार होत नाही.

त्या काकूला हे काही ठाऊक नव्हतं, तरी तिनं केलं ते सगळं बरोबर केलं. ऊब दिली. पुष्कळांच्या घरी मुका मार लागल्यासारखा बर्फ लावतात, तो इथे घातक. पाणी पाजणंही बरोबर. ताप आल्यावर सकाळची वाट न पाहता नेलं, हे सगळ्यात मोलाचं. ताप, छातीत दुखणं, दम लागणं, अचानक पांढरं पडणं, डाव्या बाजूला पोट फुगणं, एका अंगाची शक्ती जाणं, यातलं काहीही दिसलं तर तसंच उठायचं आणि दवाखाना गाठायचा. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सीयुरिया बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. एसटीत सिकलसेल रुग्णाला प्रवासाची सवलत आहे, आगारात विचारावं.

दुखणाईत माणसाकडे सगळे पाहतात, सेवा करणाऱ्याकडे कोण पाहतं? चार दिवसांनी ती माय परतली तेव्हा मी तिचं रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं, ही आपल्या बायांची जुनी खोड. मग जाऊबाईनं महिनाभर सकाळचं पाणी भरणं स्वतःकडे घेतलं, बस इतकंच. पण त्यामुळे तिला तासभर जास्त झोप मिळाली.

वर्षावास संपत आला तेव्हा मुलगी पुन्हा वाचायला बसली. मी तिच्या हाती एक कागद दिला. बाबासाहेबांनी 1956 साली या ग्रंथासाठी लिहिलेली प्रस्तावना. 1957 साली ग्रंथ छापला गेला तेव्हा ती त्यात नव्हती, म्हणून जुनी प्रत असलेल्या घरांत ती कुणी वाचलेली नसते. ग्रंथ लिहायला घेतल्यापासूनच्या वर्षांत आपली प्रकृती किती ढासळली, डॉक्टरांनी आशा सोडण्यापर्यंत गोष्ट कशी गेली आणि त्यातून आपल्याला पत्नीनं आणि डॉ. मालवणकरांनी कसं वाचवलं, हे त्यांनी त्यात मोकळेपणानं लिहिलं आहे. माईसाहेबांबद्दल आपल्यात पुढे बरंच उलटसुलट बोललं गेलं. बाबासाहेबांच्या हातचं हे आधी वाचावं, असं मला वाटतं. रमाईंचे उपकारही त्यांनी लिहून ठेवले, पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांच्या नावे अर्पण करून. पण रमाई 27 मे 1935 रोजी गेल्या होत्या. त्या अर्पणपत्रिकेतलं एक अक्षरही त्यांना पाहायला मिळालं नाही.

वाचून झालं. मुलीनं कागद घडी करून ग्रंथात ठेवला, तरी उठेना. मग म्हणाली, “मलेबी सांगाचं हाय.” आणि एकेक नाव घेत गेली. काकू रात्रभर झोपली नाही. आजीनं पाणी पाजलं. ऑटोवाल्या दादानं पैसे घेतले नाहीत. बापानं चार दिवसांची मजुरी बुडवली. भावाला डबा कुणी दिला. मायचं नाव शेवटी आलं आणि तिथे तिचा आवाज अडखळला. हे सगळं सांगताना ‘मला सिकलसेल आहे’ हेही भर विहारात सांगून झालं होतं. माय खाली मान घालून बसली होती.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागे बसलेली एक सून उठून मायच्या शेजारी येऊन बसली आणि मला विचारलं, “ताई, माह्या पोराचेबी हातपाय दुखते थंडीत. कुठी तपासते हे?”

सोमवारी सकाळी आम्ही नऊ जण ग्रामीण रुग्णालयात गेलो. ऑटो त्याच दादाचा होता.