डोक्याला मानवेल असं

पदर डोक्यावर टिकतो तो केसांमुळे. अंबाड्याचा उंचवटा त्याला अडवतो, केसांचा किंचित खरखरीतपणा त्याला धरून ठेवतो. ओढणी, स्कार्फ, उन्हाळी टोपी, हे सगळं डोक्यावर केस असणारच असं धरून घडलेलं आहे. केमोथेरपीत केस गेले की ही सगळी व्यवस्था कोलमडते. जॉर्जेटची ओढणी गुळगुळीत डोक्यावरून सारखी घसरते, कालपर्यंत बरोबर बसणारी टोपी भुवयांवर उतरते, आणि इतकी वर्षं कधी जाणवली नव्हती ती आतली शिवण कपाळाला टोचायला लागते. दुकानात आरशासमोर यातलं काही कळत नाही. ते कळतं रात्री कुशीवर वळताना, नाहीतर दुपारी ओट्यापाशी घाम फुटल्यावर.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले 85 ते 90 टक्के एका वेळी वाढत असतात. त्यांच्या मुळांशी पेशी झपाट्याने विभागत असतात, आणि अशा पेशींवर घाव घालणं हेच तर केमोच्या बहुतेक औषधांचं काम. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारखी औषधं असतील तर पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर झुपके दिसू लागतात. सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत. काहींनी नुसते विरळ होतात. आपल्याला कोणतं औषध आहे आणि त्याने काय होतं, हे खरेदीला निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना कुणी सांगत नाही: केस जाताना डोकं दुखतं. कातडी हुळहुळी होते, कंगवाही नकोसा वाटतो. म्हणून पुष्कळजण आधीच केस बारीक करून घेतात. त्यासाठी झिरो मशीन बरी. वस्तरा नको, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना साधी चीरही महागात पडू शकते.

या हुळहुळ्या दिवसांसाठी पहिली वस्तू लागते ती घरात आणि झोपताना घालायची सुती टोपी. ती थंडी अडवते, झडणारे केसही आतल्या आत गोळा करते. दिसायला अगदीच साधी, पण शिवायला फसवी. आपल्याकडे तान्ह्या बाळाचं टोपरं ज्या हिशोबाने शिवत, तोच हिशोब इथे लागतो: धुऊन धुऊन मऊ पडलेलं कापड, कमीत कमी जोड, आणि जो जोड टाळता येत नाही तो बाहेरच्या बाजूला. शिंप्याला असं सांगितलं की तो हमखास गोंधळतो. सुलट्या बाजूला शिवण दाखवायची म्हणजे त्याच्या लेखी काम बिघडवणंच. दुपदरी टोपी केली तर शिवणी दोन थरांच्या मध्ये लपतात आणि दोघांचाही मान राहतो.

कापड उरेब कापलं तर ते अंगचंच ताणलं जातं आणि इलास्टिकची गरज बरीच कमी होते. इलास्टिक घालायचंच तर फक्त मानेच्या बाजूला, पट्टीत गुंडाळून. गोल इलास्टिकने कपाळावर वळ उठतो आणि संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं. मापही नव्याने घ्यायचं. दाट केस गेले की डोक्याचा घेर कमी भरतो, त्यामुळे जुन्या मापाची टोपी सैल होते. पुढची कड भुवईच्या एक बोट वर, मागची मानेवरच्या केसांची जुनी रेघ झाकेल इतकी खाली, आणि कानांवर दाब नाही, एवढं जमलं की झालं.

कापडात मलमल आणि होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं कापड, ही दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. मलमल हवेशीर, होजिअरी जास्त पकड घेणारी. लोकरीच्या विणलेल्या टोप्या प्रेमाने भेट येतात. नाशिकच्या डिसेंबरात त्या सुती टोपीवरून घालाव्यात, मुंबईच्या दमटात पेटीत ठेवाव्यात. सध्या ‘बांबूच्या’ टोप्यांचा गाजावाजा आहे. ते बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने केलेलं व्हिस्कोसच असतं. मऊ असतं यात वाद नाही, पण बांबू या नावासाठी जादा पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही. धुतानाही वासाचा साबण टाळलेला बरा. केमोच्या दिवसांत एरवी आवडणारा सुगंधसुद्धा मळमळ आणतो.

बाहेर जायला स्कार्फ. साधारण मीटरभर चौरस सुती कापड तिरपं दुमडायचं, कपाळावरून मागे नेऊन मानेशी गाठ मारायची. खाली होजिअरीची पट्टी किंवा पातळ टोपी असली की तो हलत नाही, शिवाय डोक्याला थोडा भरीवपणा येतो. केसांशिवाय डोकं लहान दिसतं, ते या भरावामुळे झाकलं जातं. जुनी सुती साडी फाडून असे चार-पाच चौकोन सहज निघतात. गाठीचे सोगे मात्र आत खोचावेत, फोडणी घालताना ते लोंबते नसावेत. पुण्यात याबाबतीत एक अनपेक्षित सोय आहे. स्कूटरवरच्या मुली चेहऱ्यासकट डोकं स्कार्फने गुंडाळतात, ते तिथे इतकं रुळलंय की रस्त्यावर कुणी वळून पाहत नाही. अडचण सुरू होते ती गाडी लावून ऑफिसात शिरल्यावर.

तिथे बऱ्याच जणींना विग हवासा वाटतो. ज्या देशात तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर रोज हजारो लोक केस अर्पण करतात, ज्या देशातून जगभर माणसाचे केस निर्यात होतात, तिथे खऱ्या केसांचा विग सामान्य घराच्या आवाक्याबाहेर असावा, ही गंमत नव्हे. केसदानातून विग करून गरजूंना देणाऱ्या संस्था आता शहरांतून आहेत, पण एका विगला अनेकांच्या लांब केसांची जोड लागते. कृत्रिम धाग्याचा विग स्वस्त आणि सांभाळायला सोपा. मात्र कुकरच्या वाफेने, ओव्हनच्या झळेने तो कुरळून खराब होतो. माझं मत विचाराल तर विग लग्नकार्याला, मुलाखतीला, शाळेतल्या पालकसभेला. मे महिन्यात लोकलमधून तो घालून जाणं ही शिक्षा आहे, आणि त्या दिवसांत शिक्षा काही कमी नसतात.

केस मुळात जाऊच नयेत म्हणून एक यंत्रही आहे. इंग्लंडमधल्या हडर्सफील्डचं पॅक्समन कुटुंब बिअर थंड ठेवायच्या उपकरणांच्या धंद्यातलं. ग्लेन पॅक्समन यांच्या पत्नीचे केस केमोत गेले आणि त्या कुटुंबाने थंडाव्याचं ते ज्ञान टोपीत उतरवलं. सिलिकॉनच्या टोपीतून गार द्रव फिरतो, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध मुळांपर्यंत कमी पोचतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत टोपी घातलेल्या 95 पैकी 48 स्त्रियांचे केस टिकले. न घातलेल्या 47 जणींत एकीचेही नाहीत. टाटा मेमोरियलमध्येही या पद्धतीची चाचणी झाली आहे. पण सलाईनच्या आधी आणि नंतर तासन्‌तास डोकं गारठवून बसावं लागतं, रक्ताच्या कर्करोगात ती चालत नाही, आणि सोय मोजक्या ठिकाणीच. बाकीच्यांसाठी कापडच.

पुरुषांचं थोडं सोपं जातं, हे मान्य करायला हवं. साताऱ्या-सांगलीकडच्या आजोबांची पांढरी टोपी आधीपासूनच डोक्यावर असते. खाली काय उरलंय हे कुणी विचारत नाही. फक्त तिची खळ धुऊन काढावी लागते, कडक कड उघड्या कातडीला सोलते. बाईच्या बोडक्या डोक्यामागे मात्र इथे एक जुना इतिहास उभा आहे. विधवेचं केशवपन आणि लाल आलवण आपल्या पणज्यांच्या काळापर्यंत अनेक घरांत होतं. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, त्यालाही आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. तरी केमोतून घरी आलेल्या सवाष्ण सुनेला ‘डोकं झाक गं’ असं सांगणारी सासू काही केवळ थंडीची काळजी करत नसते. टोपी कुणाच्या सुखासाठी घालायची, हा प्रश्न म्हणून कापडाच्या प्रश्नाइतकाच खरा. लहान मुलं तो पटकन सोडवतात: उकडलं की भिरकावून देतात. त्यांना उन्हात तेवढी टोपी घालायला लावावी, घरात आग्रह करू नये.

उपचार संपल्यावर महिन्या-दोन महिन्यांत मऊ लव येते, मग केस. सरळ केसांच्या जागी कधी कुरळे येतात, कधी रंग बदललेला असतो. बहुतेकांचे काही काळाने मूळ वळणावर येतात. पेराएवढे वाढले की बऱ्याच जणी स्कार्फ सोडतात, घरच्यांना ‘अजून थोडे वाढू देत’ वाटत असतं तेव्हाच. त्या नव्या केसांना लगेच रंग किंवा स्ट्रेटनिंग नको, कातडी अजून नाजूक असते. उन्हात टोपी मात्र आणखी काही महिने राहू द्यावी.