हिशेबाच्या संगणकाला व्हायरस लागला तर



गोष्ट मागच्या मार्चअखेरची. मार्चअखेरीला आपल्याकडे काय धावपळ असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या एका ग्रामसंघाच्या सचिव ताई बँकेत द्यायचे कागद छापायला तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. पेन ड्राईव्ह दुकानातल्या संगणकाला लावला, कागद छापून घेतले आणि घरी आल्या. दुसऱ्या दिवशी मुलाच्या संगणकावर पेन ड्राईव्ह उघडला तर प्रत्येक गटाच्या फोल्डरच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण दिसायला लागला. फोल्डर उघडत होतं, आतले हिशेबही दिसत होते, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. तोच पेन ड्राईव्ह मग त्यांनी आपल्या कार्यालयातल्या संगणकाला लावला. चार दिवसांनी कार्यालयात जो पेन ड्राईव्ह लावावा त्यातले फोल्डर बाणवाले व्हायला लागले आणि एकदा तर उघडायचेच बंद झाले. चौदा गटांचे वर्षभराचे हिशेब गेले असंच सगळ्यांना वाटलं.

ताई आठ दिवस काही बोलल्याच नाहीत. 'माझ्यामुळे झालं' या भीतीने त्यांना जेवण गोड लागेना. दुरुस्तीला बोलावलेल्या मुलाने संगणक पाहिला आणि एका वाक्यात निकाल दिला, "फॉरमॅट मारावा लागेल." आम्ही तेव्हा 'थांब बाळा' म्हटलं म्हणून बरं झालं. हिशेब कुठे गेलेच नव्हते. ते नुसते लपवलेले होते.

व्हायरस म्हणजे कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवलेला एक छोटा प्रोग्रॅम. तो हवेतून येत नाही, पावसाळ्यातल्या सर्दीसारखा आपोआप होत नाही. कुणीतरी तो चालू करावा लागतो आणि बहुतेक वेळा तो 'कुणीतरी' म्हणजे आपणच असतो, न कळत. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस घरगुती संगणकांवरच्या पहिल्या व्हायरसांपैकी एक मानतात. त्या काळी पेन ड्राईव्ह नव्हते, चपट्या फ्लॉपी होत्या, आणि तो फ्लॉपीतूनच या संगणकावरून त्या संगणकावर हातोहात फिरला. आज फ्लॉपी गेली, पेन ड्राईव्ह आला, पण चाल तीच राहिली. लोणच्याच्या बरणीत एक ओला चमचा गेला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभरात पन्नास जणांचे चमचे एकाच बरणीत जातात. त्यात दुकानदाराची चूक असतेच असं नाही, त्यालाही ते कुठूनतरीच लागलेलं असतं.

ताईंच्या पेन ड्राईव्हमध्ये जे झालं त्याला शॉर्टकट व्हायरस म्हणतात. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे खोटे बाणवाले फोल्डर पुढे मांडतो. आपण त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालू होतो आणि मग लगेच तो खरं फोल्डरही उघडून दाखवतो. म्हणून तर कुणाला संशय येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. चित्राच्या कोपऱ्यात बाण दिसतो, आणि यादीत बाजूला जिथे 'फाईल फोल्डर' लिहिलेलं असायला हवं तिथे 'शॉर्टकट' लिहिलेलं असतं. आपल्या पेन ड्राईव्हमध्ये असा बाण दिसला तर त्यावर क्लिक करू नका, काय आहे ते बघायला म्हणूनसुद्धा नाही.

आता लपलेले हिशेब बाहेर कसे काढायचे ते सांगते. आधी पुढे सांगितलेलं स्कॅन करून संगणक स्वच्छ करून घ्या, नाहीतर इकडे काढायचं आणि तिकडे पुन्हा लागायचं. मग पेन ड्राईव्ह लावा. फोल्डरच्या खिडकीत वर 'व्ह्यू' असतं, त्यात 'हिडन आयटम्स'वर खूण करा. तरी दिसलं नाही तर तिथल्याच 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'व्ह्यू' उघडा आणि 'हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाईल्स' समोरची खूण काढा. संगणक 'नक्की का?' असं विचारेल, हो म्हणा. आता तुमचे खरे फोल्डर फिकट रंगात दिसायला लागतील. त्यातले फक्त आपले हिशेबाचे कागद, म्हणजे एक्सेल, वर्ड, पीडीएफ, फोटो, तेवढे उचलून संगणकात नव्या फोल्डरमध्ये ठेवा. ज्या फाईलच्या नावाच्या शेवटी 'डॉट ईएक्सई' किंवा 'डॉट व्हीबीएस' आहे ती आपली नाही, तिला हात लावू नका. सगळं नीट उघडतंय ना, आकडे जुळतात ना, हे पाहिल्यावर मगच पेन ड्राईव्ह फॉरमॅट करा. आणि मघाशी काढलेली ती खूण परत लावा, ती संगणकाच्या स्वतःच्या फाईली कुणी चुकून पुसू नयेत म्हणून असते.

सगळेच व्हायरस असे बाण दाखवून येत नाहीत. संगणक एकाएकी फार हळू झाला, काही काम चालू नसताना पंखा घरघरायला लागला, इंटरनेट उघडलं की न मागता जाहिराती यायला लागल्या, सुरुवातीचं पान बदललं, अँटिव्हायरस आपणहून बंद पडला आणि चालू होईना, तर शंका घ्यायला जागा आहे. पण लगेच घाबरू नका. जुना संगणक नुसता म्हातारपणानेही हळू होतो. पुष्कळदा कोपऱ्यात उगवणाऱ्या जाहिराती हा व्हायरसही नसतो. एखाद्या साईटने 'अलाउ करा' म्हटलं आणि आपण 'हो' म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स'ची यादी असते, तिथून ते नाव काढलं की जाहिरात बंद.

एक मात्र नीट ध्यानात ठेवा. कधीकधी पडदाभर लाल पाटी येते, भोंगा वाजतो आणि लिहिलेलं असतं की तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. हा व्हायरस नव्हे, हा फसवणारा माणूस आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या सूचनांमध्ये कधीच फोन नंबर देत नाही. फोन केलात तर पलीकडचा गोड बोलून एक ॲप घ्यायला लावेल, त्यातून तुमचा संगणक त्याच्या हातात जाईल आणि मग तो बँकेचं पान उघडायला सांगेल. अशी पाटी आली की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा, येणाऱ्या यादीतून ब्राउझर निवडून बंद करा. तेही जमलं नाही तर बंद करायचं बटण दाबून धरा. भोंगा वाजू द्या, त्याने काही होत नाही.

खरोखर शंका आली तर पहिलं काम म्हणजे इंटरनेट तोडा. वायर काढा किंवा मोबाईलचा हॉटस्पॉट बंद करा. त्या संगणकावर बँकेचं काही उघडू नका. बँकेचे, ईमेलचे पासवर्ड बदलायचे असतील तर ते दुसऱ्या चांगल्या मोबाईलवरून बदला.

मग स्कॅन. बऱ्याच जणी विचारतात, ताई, अँटिव्हायरस विकत घ्यावा लागतो का? विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' नावाचा राखणदार आधीच बसवलेला असतो, त्याला पैसे लागत नाहीत. घरच्या आणि गटाच्या कामाला तो पुरतो, फक्त तो चालू असला पाहिजे. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा, तिथे 'स्कॅन ऑप्शन्स' असतात. 'फुल स्कॅन' निवडा. याला काही तास लागू शकतात, तेव्हा संध्याकाळी लावून स्वयंपाकाला लागा. एवढं करूनही त्रास राहिला तर त्याच यादीत 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाईन स्कॅन' आहे. यात संगणक स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि व्हायरस जागा व्हायच्या आत त्याला शोधतो. साधारण पाव तास लागतो. आधी चालू असलेलं काम सेव्ह करून ठेवा.

ज्यांना विकतचा घ्यायचाच आहे त्यांनी जरूर घ्यावा. 'क्विक हील' तर आपल्या पुण्याचीच कंपनी, संगणक दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून उभी राहिलेली. पण दोन अँटिव्हायरस एकत्र घालू नका, दोघांची भांडणं होतात आणि काम एकाचंही होत नाही. आणि मुदत संपलेला तसाच ठेवू नका, त्याला नव्या व्हायरसांची ओळख नसते. नूतनीकरण करायचं नसेल तर तो काढून टाका, डिफेंडर आपोआप कामाला लागतो. सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र'ही २०१७ पासून आहे, त्यांच्या साईटवर व्हायरस काढायची साधनं फुकट मिळतात.

आता ज्यावर काहीच उपाय नसतो त्या प्रकाराबद्दल. काही व्हायरस फाईली लपवत नाहीत, त्यांना कुलूप घालतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाच्या अशा एका व्हायरसने दीडशेच्या वर देशांत धुमाकूळ घातला, इंग्लंडमधल्या दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. पुढच्याच महिन्यात तशाच दुसऱ्या व्हायरसमुळे आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांना फटका बसला. म्हणून संगणक 'अपडेट करू का?' विचारतो तेव्हा दर वेळी 'नंतर' म्हणू नका. नेट पॅक संपेल ही भीती मला कळते, माझीही तीच असते. मग महिन्यातून एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी होऊ द्या. विंडोज ७ ला तर २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीची मोफत अपडेट बंद झाली आहेत. असा जुना संगणक टायपिंगला वापरा, पण त्यावर बँकेचे व्यवहार नकोत.

पोरांबद्दलही एक बोलायचं आहे. घरातला संगणक आपण 'मुलाचा' म्हणतो आणि त्यात तो काय भरतो ते विचारत नाही. फुकटातला गेम, 'क्रॅक' केलेलं सॉफ्टवेअर यांतून फार घाण येते. जे सॉफ्टवेअर 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगतं, ते तिथल्या तिथे सोडून द्यायचं. चोर कुत्रं बांधून ठेवायला सांगतो, त्यातलाच प्रकार. आणि चोरीच्या सॉफ्टवेअरची आपल्याला गरजही नाही. हिशेबाला 'लिब्रेऑफिस' फुकट आहे, विंडोजमध्ये मराठी कीबोर्डही असतो. त्याच संगणकावर व्हॉट्सॲप उघडत असाल तर तिथे आलेली प्रत्येक फाईल उघडू नका. मोबाईलवर लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने 'डॉट एपीके' फाईल आली तर ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. ओळखीच्या नंबरवरून आली तरी नाही, कारण त्यांचाच मोबाईल दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.

एवढं सांभाळूनही कधीतरी व्हायरस लागेलच, तेव्हा आपला हिशेब वाचला पाहिजे. आपल्या गटाच्या पेटीला कुलूप असतं, किल्ली एकीकडे आणि पेटी दुसरीकडे असते. त्याच पेटीत एक वेगळा पेन ड्राईव्ह ठेवा. तो दुकानात न्यायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. महिन्याच्या बैठकीनंतर हिशेब भरला की त्यात एक प्रत घ्या आणि लगेच काढून पेटीत ठेवा. संगणकाला लावून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, कुलूप घालणारा व्हायरस तिलाही कुलूप घालतो. दर महिन्याला नवं फोल्डर करा, 'एप्रिल', 'मे' असं. जुन्यावर नवं घालू नका, नाहीतर बिघडलेली फाईल चांगल्या फाईलवर बसते. दुकानात छापायला न्यायचा पेन ड्राईव्ह निराळा, त्यात फक्त त्या दिवसाचे कागद. परत आल्यावर तो लावला की उघडायच्या आधी त्यावर माउसचं उजवं बटण दाबून 'स्कॅन' करायचं. आणि वहीतल्या नोंदी थांबवू नका. वहीला व्हायरस लागत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे संगणक नेलात तर त्याच्या हातात देण्याआधीच सांगा, 'आमचे हिशेब आधी काढून दाखव, मगच फॉरमॅट.' बरेच जण तसं विचारत नाहीत, कारण फॉरमॅट त्यांना सोपं पडतं. कुलूपवाल्याला पैसे देऊ नका, दिले तरी किल्ली मिळेल याची खात्री नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

आणि कुणाच्या हातून झालं असेल तर तिने त्याच दिवशी सांगावं. आमच्या ताई आठ दिवस गप्प राहिल्या, तेवढ्यात आणखी तीन गटांचे पेन ड्राईव्ह आपल्या संगणकाला लागून गेले. त्यांना कुणी रागावलं नाही. आता पेन ड्राईव्ह तपासायचं काम त्यांच्याकडेच आहे. पुढच्या मासिक सभेला येताना आपापल्या गटाचा पेन ड्राईव्ह बरोबर आणा, सभेच्या आधी तासभर त्या कार्यालयात बसतील.