छपाईच्या हुकमाला घरचा पहारेकरी

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात कांद्याचा भाव दहा किलोला बोलतात, तर लासलगावला क्विंटलला. दोन्हीकडे माल पाठवणाऱ्या गटाच्या हिशेबात इथेच घोटाळा होतो. समजा, ५० किलोच्या ५० पिशव्या, म्हणजे २,५०० किलो कांदा पुण्यात १८० रुपये भावाने गेला. दहा किलोच्या हिशेबाने ४५,००० रुपये होतात. तोच भाव चुकून क्विंटलचा धरला तर सभासदाच्या पट्टीवर ४,५०० रुपयेच येतात!

गटाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्या सुनेने वा लेकीने यावर सोपा उपाय करावा. वजन, भाव यांच्याबरोबर 'भाव किती किलोचा' असा वेगळा रकाना ठेवावा. त्यात १० किंवा १०० लिहिल्याशिवाय पट्टी छापलीच जाऊ नये, असे संगणकाला बजावता येते. अशा बजावणीला मॅक्रो म्हणतात.

वर्डमध्ये मूळ हुकमाच्याच नावाचा मॅक्रो लिहिला की तो त्या हुकमाची जागा घेतो. एक्सेलमध्ये तसे होत नाही. तिथे हुकूम अमलात येण्याआधी त्याला अडवायचे असते. कृती अशी: ऑल्ट आणि एफ-११ ही बटणे एकत्र दाबावीत. 'धिसवर्कबुक'वर दोनदा टिचकी मारावी. वरच्या डाव्या यादीतून 'वर्कबुक' व उजव्या यादीतून 'बिफोरप्रिंट' निवडावे. दोन ओळी आपोआप उमटतील. त्यांच्यामध्ये इंग्रजी लिपीत अट लिहावी: त्या रकान्यात १० वा १०० नसेल, तर 'कॅन्सल'ची किंमत 'ट्रू' करावी. छपाई तिथेच थांबते. 'बिफोरसेव्ह' निवडल्यास साठवणीवरही असाच पहारा बसतो. फाईल मात्र 'मॅक्रो-एनेबल्ड' प्रकारातच साठवावी, नाहीतर लिहिलेले पुसले जाते.

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोबाईलवरील एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत. मॅक्रो बंद असले की पहाराही बंद. आणि परक्याने पाठवलेल्या फाईलमधील मॅक्रो कधीही चालू करू नयेत. त्यांतून संगणकाला अपाय होऊ शकतो. म्हणूनच इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली.

पहारेकरी रिकामा रकाना ओळखतो. १० च्या जागी १०० लिहिले, तर ते त्याला कळत नाही. म्हणून आडत्याची पट्टी समोर ठेवूनच आकडे भरावेत.