एका अक्षराचा फरक : सिकलसेल, जात आणि आपली जबाबदारी

इतिहास हा आमचा विषय. तरीही या स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणींऐवजी रक्ताच्या एका आजाराविषयी लिहिण्याचे आम्ही ठरविले, त्याला आमच्या हातून घडलेली एक चूक कारण आहे.

सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांतील ही गोष्ट. मूळच्या विदर्भातील कुटुंबातला, सातवीत शिकणारा एक मुलगा हिवाळ्यात पहाटेच्या कवायतीला वारंवार गैरहजर राही. गुडघे दुखतात, असे सांगे. त्याचे डोळे पिवळसर दिसत. आम्ही ती सबब मानली आणि त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्या रात्री तो वेदनेने तळमळत होता. पुढे रक्ताची तपासणी झाली आणि सिकलसेल हा शब्द आम्ही प्रथमच ऐकला. मुलगा आळशी नव्हता. आम्हालाच काही ठाऊक नव्हते.

हा आजार समजून घेण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. आपण बोलताना अजूनही ‘नगर’ म्हणतो. या तीन अक्षरांतील मधले अक्षर बदलले की ‘नजर’ होते आणि अर्थ पार बदलतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन घडविण्याची सूचनाही अशाच तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत लिहिलेली असते. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन या जनुकात सहाव्या जागी ‘जीएजी’ असायला हवे. सिकलसेलमध्ये तेथे ‘जीटीजी’ असते. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. त्यामुळे १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. बाकी सारी साखळी जशीच्या तशी असते.

ग्लुटामिक आम्ल पाण्यात सहज मिसळते. व्हॅलीन पाण्यापासून दूर पळते आणि शेजारच्या हिमोग्लोबिनला चिकटू पाहते. प्राणवायू कमी झाला की ही हिमोग्लोबिने एकमेकांना जोडली जाऊन ताठ दोऱ्या तयार होतात आणि गोल, मऊ तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांध्यांत, हाडांत, छातीत असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्तक्षय होतो आणि डोळे पिवळे दिसतात.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने हाती आले. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले. पुढे व्हर्नन इनग्राम यांनी केंब्रिज येथे १९५६-५७ मध्ये तो दोष एका अमिनो आम्लापर्यंत नेऊन भिडविला.

त्याच सुमारास, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. आणि १९५८ साली त्याच नागपूरहून शुक्ल व सोलंकी या संशोधकांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार समाजात, गोंड-माडिया आणि सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजांत हे जनुक मोठ्या प्रमाणात आढळते. कुणबी, तेली समाजांतही ते आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचा आहे. मात्र केवळ आपल्याच घरचा नाही.

येथे काहींच्या मनात जुनी कुजबुज जागी होते : ‘रक्तातच खोट आहे.’ तिला उत्तर दिलेच पाहिजे. ज्याला हे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच मिळाले, तो वाहक. तो आजारी नसतो. उलट, १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले, की वाहकाला घातक हिवतापापासून संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात ज्या पूर्वजांनी तग धरला, त्यांच्या जगण्याची ही खूण आहे. भारतातील सिकलसेलचा जो प्रकार आहे, तोच पूर्व अरबस्तानातही सापडतो. जनुक जात ओळखत नाही, सीमाही ओळखत नाही.

मग ते काही समाजांत साचून का राहिले? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे ९ मे १९१६ हा दिवस आठवतो. कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला आणि जातीच्या आत लग्न हेच जातीचे खरे लक्षण असल्याचे मांडले. पुढे ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यता वंशातून जन्मली, हे मतही खोडून काढले. लग्ने पिढ्यान्‌पिढ्या त्याच वर्तुळात होत राहिली, की दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. दोष रक्ताचा नाही, कुंपणाचा आहे.

दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात अपत्य आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. एकच वाहक असेल, तर आजारी मूल जन्मत नाही. निम्मी शक्यता वाहक असण्याची असते. हे गणित पत्रिकेतील गुणमेलनात सापडत नाही, रक्ताच्या चाचणीत सापडते. सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आहे. खात्री इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने होते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेल आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्राचा तो हक्क पालकांनी अवश्य मागावा.

आजाराचे मोठे पट्टे विदर्भ आणि सातपुडा; अहिल्यानगर त्यांपासून दूर. पण निवासी शाळेत मुले दुरून येतात, ऊसतोडणीच्या हंगामात परजिल्ह्यांतील कुटुंबेही येतात. जेथे आजार विरळ, तेथे तो ओळखूही येत नाही. म्हणून शिक्षक व वसतिगृहप्रमुखांना आमचे सांगणे आहे : अशा मुलाला भरपूर पाणी पिऊ द्या आणि लघवीला जाण्यास कधीही अडवू नका. थंडीत गार पाण्याची अंघोळ आणि कडक उन्हातील धावणे टाळा. ताप, छातीत कळ किंवा धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नका. हा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नव्हे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. ते वैद्यकीय देखरेखीखाली नियमित घ्यावे लागते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आता लग्नाच्या बोलणी सुरू होतील. मुलामुलींची तपासणी बोलणीच्या आधी करा, आणि अहवालात ‘वाहक’ शब्द आला तर तो लपवू नका; कोणाला त्यावरून हिणवूही नका. वाहक मुलीला नाकारण्याचे कारण नाही, दोन्ही बाजूंनी तपासणी करण्याचे कारण आहे.

धम्माने आपल्याला कार्यकारणभाव शिकविला. दुःख पूर्वजन्मीचे पाप म्हणून सोसायचे नाही, त्याचे कारण शोधायचे. त्या मुलाच्या दुखण्याचे कारण आम्ही त्या पहाटे शोधले नाही. हा लेख वाचून एखाद्या शिक्षकाने मुलाला मैदानावर पाठविण्याआधी त्याच्या डोळ्यांकडे एकदा नीट पाहिले, तर त्या मुलाकडे आमची राहिलेली क्षमायाचना थोडी तरी पोहोचेल.