वॉलेस हंटच्या गोटात

निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसच्या प्रेतात्म्यांच्या बैठका या आठवड्याला कबूल केल्या होत्या; त्या पुढच्या खेपेला. कारण एका वाचकाने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे : आठ वर्षे मलाय बेटांत राहून तिथल्या दायाक लोकांचे गुण गाणारा हा माणूस मानवावरचा आपला निबंध गुलामगिरीच्या कैवाऱ्यांपुढे वाचायला गेलाच कसा?

ते कैवारी म्हणजे अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन. जुन्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीतून फुटून जेम्स हंटने ती 1863 मध्ये काढली. हंटचा धंदा लोकांचा तोतरेपणा घालवण्याचा, आणि आफ्रिकी माणूस ही निराळीच जात, हा त्याचा हेका. त्याच वर्षी न्यूकॅसलला ब्रिटिश असोसिएशनपुढे त्याने हे मांडले तेव्हा श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. अमेरिकेतल्या गुलामीतून निसटून आलेला विल्यम क्राफ्ट तिथेच उभा राहिला आणि त्याने हंटला चोख उत्तर दिले. तरी सोसायटी फोफावली. तिच्या कार्यकारिणीवर हेन्री हॉट्झ होता, अमेरिकी दक्षिणेचा लंडनमधला हस्तक. आतल्या मंडळींचा ‘कॅनिबल क्लब’ जेवायला बसे तेव्हा समोर राजदंड असे : हाड चघळणारे आफ्रिकी शिर!

मग वॉलेस तिथे का? उत्तर त्याच्या चाहत्यांना आवडणारे नाही. एथ्नॉलॉजिकल सोसायटी सभांना स्त्रियांना येऊ देई आणि ते वॉलेसला पसंत नव्हते. बायकांसमोर कित्येक महत्त्वाचे विषय काढताच येत नाहीत, अशी तक्रार त्याने जीवशास्त्रज्ञ हक्सलीला लिहिलेल्या पत्रात आहे. पुढे स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू घेणारा वॉलेस तो हाच. हंटच्या सभेत सगळे पुरुष, आणि विषयाला बंदी नाही.

1 मार्च 1864 ला त्याने निबंध वाचला. मानववंश मुळात एक की अनेक, हे त्या काळचे भांडण. वॉलेसने ते मिटवायला घेतले. माणूस एकाच कुळातला, पण वंशांची शरीरे वेगळी झाली ती मन पुरते विकसित होण्याआधी. एकदा शस्त्र, वस्त्र, विस्तव हाती आल्यावर नैसर्गिक निवड शरीर सोडून बुद्धीवर काम करू लागली. म्हणजे दोन्ही पक्ष थोडेथोडे खरे! असा तोडगा भांडणाऱ्यांना रुचत नाही. हंटच्या मंडळींनी त्याला चर्चेत चांगलेच घेरले. युरोपीयांपुढे ‘मागासलेले’ वंश नष्ट होणारच, असेही मात्र त्याच निबंधात आहे, आणि ते हंटला खटकण्याचे काही कारण नव्हते. दायाकांच्या मित्राने हे लिहावे, याचे समर्थन प्रस्तुत लेखक करू शकत नाही.

डार्विनने निबंध वाचून वाहवा केली आणि माणसावरची आपली टिपणे वॉलेसला देऊ केली. आपल्या हातून त्यांचे काही होईलसे त्याला वाटत नव्हते. ती डार्विनकडेच राहिली आणि 1871 मध्ये त्याचे ‘द डिसेंट ऑफ मॅन’ आले. हंट 1869 मध्येच वारला होता. दोन्ही सोसायट्याही 1871 मध्येच एक झाल्या, आणि नव्या संस्थेच्या अध्यक्षपदी बसला डार्विनचा शेजारी, जॉन लबक.